बोरघाटाच्या पायथ्याशी

कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटांचा इतिहास बहुधा घाटमाथ्यावरून लिहिला गेला आहे, कारण राजधान्या, छावण्या आणि दफ्तरे माथ्यावर किंवा त्याच्याही पलीकडे होती; पायथ्याची गावे त्या इतिहासात मुक्कामापुरती येतात आणि प्रवासी डोंगर चढू लागला की मागे पडतात. रायगड जिल्ह्याच्या पूर्व कडेला सह्याद्रीला खेटून असलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके अशा पायथ्याचे आहेत. राजमाचीच्या दरीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळवरून कल्याणच्या खाडीकडे वाहते. खोपोलीजवळून निघणारी पाताळगंगा पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीला मिळते. आणि खालापूरच्या दक्षिण टोकाला अंबा नदी नागोठण्याची वाट धरते. बंदरांकडे जाणाऱ्या या तीन खोऱ्यांची तोंडे एकाच डोंगराच्या पायाशी जवळजवळ येतात, आणि म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील बंदर कोणतेही असो, सोपारा, कल्याण, चौल, पनवेल किंवा मुंबई, तेथून दख्खनच्या पठारावर जाऊ पाहणारा माल फिरून फिरून याच दोन तालुक्यांत येत राहिला. येथे तो थांबत असे, कारण पुढे सुमारे पाचशे मीटरांची उभी चढण होती. देशाच्या महामार्गांच्या जाळ्यात या तालुक्यांचे स्थान काय, हा प्रश्न त्यामुळे थांबण्याच्या इतिहासाशी बांधलेला आहे: रस्ता जसजसा सुधारत गेला तसतशी थांबण्याची गरज कमी होत गेली, आणि त्याबरोबर पायथ्याचे महत्त्वही.

घाटातील सर्वांत जुनी साक्ष दगडात आहे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंढाणे लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात, आणि माथ्यावर कार्ले, भाजे व बेडसे या लेण्यांची रांग आहे. बौद्ध विहार व्यापारी मार्गांच्या कडेने वसत, हे लक्षात घेतले तर कोंढाण्याचा विहार ही घाट चढण्यापूर्वीची उतरण्याची जागा होती असा तर्क करता येतो. तेथील एका शिल्पाजवळच्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने ते घडविले असे नोंदलेले आहे. या वाटेवर ज्याचे नाव टिकून राहिले असा हा बहुधा सर्वांत जुना कारागीर. पुढे रस्ते बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला ते भाग्य आले.

मध्ययुगात एकच एक मोठा रस्ता असा नव्हताच. बोरघाट, कुसूरघाट, कुरवंड्याची वाट, खांडसकडून भीमाशंकरला चढणारा गणेश घाट आणि शिडीची वाट अशा अनेक पायवाटा आणि बैलवाटा होत्या, ज्यांवरून लमाण-वंजाऱ्यांचे तांडे मीठ वर नेत आणि धान्य खाली आणीत. गाडीचे चाक या वाटांवर चालत नसे. माल बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जात असे. वाट अरुंद असणे ही व्यापाऱ्याची अडचण असली, तरी ज्याच्या हाती डोंगर होता त्याच्यासाठी ते संरक्षण होते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्तेखानाने पुण्याहून कोकणात पाठविलेली कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या बाजूने उतरून खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत आली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत दबा धरून बसलेल्या शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिची कोंडी केली. बरोबर असलेल्या रायबागन या सरदार स्त्रीच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सारा सरंजाम मागे टाकून सुटका करून घेतली. उंबरखिंडीतला विजय जितका सैन्याचा तितकाच रस्ता नसण्याचाही होता.

इंग्रजांना हाच धडा शंभराहून अधिक वर्षांनी मिळाला. रघुनाथरावाला पेशवेपदावर बसविण्यासाठी मुंबईहून निघालेले त्यांचे सैन्य १७७८ च्या अखेरीस तोफा आणि सुमारे एकोणीस हजार बैल घेऊन बोरघाट चढले, आणि या लटांबरामुळे त्याची चाल इतकी मंद झाली की मराठ्यांना जमवाजमव करण्यास भरपूर सवड मिळाली. मराठी बखरीत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून गाजलेला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. घाटावर ताबा हवा असेल तर घाटात तोफ ओढता येईल असा रस्ता हवा, ही समजूत त्यानंतर कंपनी सरकारच्या मनात पक्की झाली असावी. १८०३-०४ च्या मोहिमेत जनरल वेलस्लीने पनवेल ते पुणे ही वाट तोफांच्या दृष्टीने सुधारून घेण्याकडे लक्ष दिले ते याच कारणाने.

पेशवाईच्या काळात पायथ्याची सोय मात्र विसरली गेली नव्हती. खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधलेले मोठे तळे आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट उतरून आलेल्या किंवा चढायला निघालेल्या तांड्याला, बैलांना, पालखीच्या भोयांना प्रथम लागते ते पाणी, आणि तळे बांधणाऱ्याला ते ठाऊक होते. आजच्या महामार्ग बांधणीच्या परिभाषेत ज्याला ‘मार्गालगतच्या सुविधा’ म्हणतात, त्यांचा हा अठराव्या शतकातील नमुना, आणि तोही पथकर न घेणारा.

पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. रस्ता कॅप्टन ह्यूजेस यांच्या देखरेखीखाली बांधला गेला होता. ‘गाडीरस्ता’ या शब्दाचा अर्थ येथे नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण सगळा फरक त्यात आहे. पायवाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ चढते. गाडीरस्त्याला तसे करता येत नाही, कारण ओढणाऱ्या बैलाची ताकद आणि उतारावर गाडी रोखण्याची सोय या दोहोंना मर्यादा असते. म्हणून चढ सौम्य ठेवण्यासाठी रस्ता लांबवावा लागतो, डोंगराच्या अंगाला नागमोडी वळणे घेत न्यावा लागतो, एका बाजूला कडा तासावा लागतो, दुसऱ्या बाजूला भराव टिकविण्यासाठी दगडी बांध घालावा लागतो, आणि या भागात पावसाळ्यात कोसळणाऱ्या प्रचंड पाण्याला रस्त्याखालून वाट करून द्यावी लागते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घाटातला रस्ता वाहतुकीने क्वचित मोडतो, पाण्याने नेहमी मोडतो.

रस्ता झाला आणि मुंबई-पुणे प्रवासाचे तीन तुकडे ठरून गेले: मुंबई ते पनवेल पाण्यावरून, पनवेल ते खोपोली सपाटीवरून, आणि खोपोलीहून पुढे घाट. दुसरा तुकडा संपून तिसरा सुरू होतो तिथे जनावरे बदलावी लागत, जादा बैल जुंपावे लागत, रात्र काढावी लागे. चौक, खालापूर, खोपोली ही गावे या तुकड्यांच्या सांध्यावर वाढली.

या रस्त्याशी जोडलेली एक लोककथा पायथ्याच्या बाजूने घाट कसा आठवला जातो ते सांगते. घाटातून मार्ग कुठून काढावा हे साहेबाला सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांच्या वाटेने त्याला डोंगराची मेख दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारता त्याने आमच्या मुलखाला स्वातंत्र्य द्या असे मागितले, आणि म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, अशी ती कथा. काही जण ती गाडीरस्त्याची सांगतात, काही जण रेल्वेची. कागदोपत्री आधार शोधून कथा खरी-खोटी ठरविण्यापेक्षा तिच्यातला दावा पाहणे अधिक उपयोगाचे आहे: मोजणीची साधने साहेबाची असली, तरी डोंगराची माहिती इथल्या गुराख्याची, धनगराची, ठाकराची, कातकऱ्याची होती, आणि त्या माहितीचे मोल चुकते झाले नाही. जुन्या रस्त्यावर खोपोली चढून गेल्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे.

रेल्वेने हा सगळा डाव उधळला, पण तोही एकदम नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे खरा प्रश्न घाटाचा होता. घाट बांधून व्हायला वर्षे लागणार हे दिसत असल्याने कंपनीने आधी पायथा गाठला: मे १८५६ मध्ये पळसदरी ते खोपोली हा फाटा सुरू झाला, आणि वर खंडाळा ते पुणे हा मार्ग जून १८५८ मध्ये. मधला घाट मात्र पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने, माल्कमच्या रस्त्यावरूनच चढावा लागे. इंग्रजी कागदांत ‘कँपूली’ असे लिहिले जाणारे खोपोली ही सुमारे सात वर्षे एका मोठ्या लोहमार्गाची अखेरची पायरी होती. उतारूंचा, हमालांचा, भोयांचा, गाडीवानांचा एवढा गजबजाट त्या गावाने पूर्वी पाहिला नसेल.

घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. ठेकेदार फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालविला. सुमारे सोळा मैलांच्या अंतरात १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, मोठमोठे कमानी पूल आणि एका ठिकाणी गाडी उलट दिशेने नेण्यासाठी केलेले ‘रिव्हर्सिंग स्टेशन’, म्हणजे वळणाला जागा नसल्याने इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लावून पुढची चढण घेण्याची सोय, असे या कामाचे स्वरूप होते. १८६१ च्या सुमारास त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकी व तापाने त्यांतले हजारो मेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. ज्या दिवशी गाडी पळसदरीहून थेट वर चढू लागली, त्या दिवशी खोपोली मुख्य मार्गावरून बाजूला पडले. फाटा आजही आहे आणि कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत लोकल त्यावरून खोपोलीला जाऊन परत फिरते.

खोपोलीचे गेले ते कर्जतला मिळाले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात, ज्यांना रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’ म्हणतात, आणि ती कर्जतला जोडली जातात. जोडणीला काही मिनिटे लागतात. तेवढ्या मिनिटांवर कर्जतच्या फलाटावरील वडेविक्रीचा सारा धंदा उभा राहिला. पुण्याला जाणाऱ्या चार पिढ्यांना कर्जत ठाऊक आहे ते गरम वड्याच्या वासाने, आणि तो वास डब्यात शिरण्याचे मूळ कारण अभियांत्रिकीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी बँकरशिवाय घाट चढते, ही बातमी तंत्रज्ञानाची म्हणून छापली गेली. कर्जतच्या दृष्टीने ती व्यापाराची बातमी होती.

रेल्वेनंतर रस्ता साठ-सत्तर वर्षे दुय्यम झाला. मोटारींच्या आगमनाने तो पुन्हा वर आला, आणि तेव्हा देशपातळीवर प्रथमच असा प्रश्न उभा राहिला की रस्ता कोणाचा. तोवर रस्ते प्रांतांचे, जिल्हा लोकल बोर्डांचे, नगरपालिकांचे होते. लांब पल्ल्याच्या रस्त्याची जबाबदारी घेणारे कोणी नव्हते. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते ही राष्ट्रीय हिताची बाब आहे, प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीपलीकडचा भार केंद्राने उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, असे या समितीने सुचविले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था आली. इटलीत मिलान ते तलावांच्या प्रदेशापर्यंतचा, केवळ मोटारींसाठी राखलेला पहिला मार्ग १९२४ मध्ये सुरू झाला होता. जयकर समितीपुढचा प्रश्न त्याहून पुष्कळ साधा होता, बारमाही रस्ता म्हणजे पावसाळ्यात बंद न पडणारा रस्ता कसा द्यायचा एवढाच, परंतु साऱ्या देशाचे रस्ते एकत्र मांडून विचार करण्याची सवय तेथून लागली.

त्या सवयीचे फळ म्हणजे डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून निघालेली ‘नागपूर योजना’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही आज सर्वांच्या तोंडी असलेली उतरंड या योजनेने घातली, आणि विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवले. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा याच आराखड्यावर उभा आहे; अमेरिकेने आपल्या आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा केला तोही त्याच वर्षी. मुंबईहून पुणे, बेळगाव, बंगळूरमार्गे मद्रासला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ झाला; २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ४८ झाला, पण घाटातले लोक अजून ‘एनएच फोर’च म्हणतात.

कागदावर राष्ट्रीय झालेला हा रस्ता घाटात मात्र १८३० च्या आखणीचाच वारस राहिला. ट्रकचालकांच्या दृष्टीने बोरघाट म्हणजे पहिल्या गिअरची दोन-तीन तासांची झुंज होती: इंजिन तापले की कडेला थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, गाडी मागे सरकू नये म्हणून क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावायचा, आणि गाडी निघाली की तो दगड बहुधा रस्त्यातच राहायचा, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची वाट पाहत. उतरताना धोका वेगळा आणि अधिक. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे अस्तर तापून गुळगुळीत होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. अंडा पॉइंटसारख्या वळणांवर खोपोलीकरांनी वर्षानुवर्षे पाहिलेल्या अपघातांमागे पुष्कळदा एवढीच यंत्रविद्या असते. या थांबण्यावर, तापण्यावर आणि मोडण्यावर पायथ्याला पंक्चरवाले, गॅरेजवाले, ढाबेवाले, चहाच्या टपऱ्या जगत होत्या. पनवेल ते खोपोली या पट्ट्यात कारखाने आले तेही या रस्त्याच्या आणि १९१५ पासून खोपोलीत तयार होणाऱ्या टाटांच्या जलविद्युतेच्या भरवशावर.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-पुणे रस्ता वाहतुकीखाली गुदमरू लागला. १९९० मध्ये ‘राइट्स’ आणि ब्रिटनच्या ‘स्कॉट विल्सन’ या सल्लागार संस्थांकडे नव्या मार्गाची व्यवहार्यता तपासण्याचे काम सोपविण्यात आले. खाजगी कंपनीकडून बांधून घेण्यासाठी काढलेल्या निविदेत रिलायन्सचा ३,६०० कोटी रुपयांचा देकार आला, तो नाकारून शिवसेना-भाजप युती सरकारने १९९६ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने, काम दिले. महामंडळाने बाजारातून कर्जरोखे उभारले आणि मार्ग सुमारे १,६३० कोटींत पूर्ण झाला. चार ठेकेदारांना जानेवारी १९९८ मध्ये कार्यादेश मिळाले, २००० पासून टप्पे खुले होत गेले आणि २००२ मध्ये कळंबोली ते देहूरोड हा ९४.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहता झाला. त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव आहे.

एक विसंगती येथे नोंदविली पाहिजे. सुवर्ण चतुष्कोन योजनेच्या, म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या चौपदरी जाळ्याच्या, काळात देशाला आधुनिक महामार्गाचे उदाहरण म्हणून जो रस्ता दाखविला जाई, तो केंद्राचा नव्हताच. देशातील पहिला सहापदरी, काँक्रीटचा, प्रवेश-नियंत्रित मार्ग राज्याच्या महामंडळाने, पथकराच्या हमीवर उभारला. ‘राष्ट्रीय द्रुतगती मार्ग क्रमांक १’ हे बिरुद मिळाले ते पुढे अहमदाबाद-वडोदरा मार्गाला.

‘प्रवेश-नियंत्रित’ हा शब्द साधा दिसतो, पण पायथ्याच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. अशा मार्गावर ठरावीक ठिकाणांखेरीज चढता किंवा उतरता येत नाही; दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस यांना मज्जाव असतो; दोन्ही बाजूंना कुंपण असते आणि गावाचा रस्ता त्याच्या खालून किंवा वरून काढलेला असतो. खालापूर तालुक्यात हा मार्ग माडपच्या बोगद्यातून बाहेर पडतो, खालापूरच्या पथकर नाक्यावर क्षणभर थबकतो, खोपोलीजवळ एक फाटा देतो आणि आडोशीच्या बोगद्याने घाटात शिरतो. ज्या शेतकऱ्याचे शेत मधून कापले गेले त्याला पलीकडच्या तुकड्यात जाण्यासाठी भुयारी मार्ग शोधत फिरावे लागते, आणि ज्याच्या दारावरून दररोज हजारो मोटारी जातात त्याला त्यांतल्या एखादीत बसून पुण्याला जायचे तर आधी खोपोली गाठावे लागते. नाक्यामुळे खालापूरचे नाव मात्र महाराष्ट्रभर झाले. मोटारीला एका बाजूच्या प्रवासासाठी पडणारा पथकर एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. थांबण्याचा व्यापारही संपला नाही, तो कुंपणाच्या आत गेला: टपऱ्यांच्या जागी फूड मॉल आले, ज्यांची जागा आणि भाडे ठेक्याने ठरते. जुन्या रस्त्यावरील ढाब्यांवर शुकशुकाट झाला तो याच वर्षांत.

घाटाने नव्या मार्गालाही पुरते सोडले नाही. आडोशीपासून खंडाळ्यापर्यंत जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात, दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते, आणि शनिवार-रविवारच्या कोंडीचे मूळ तेथे आहे. कोंडी सुटावी म्हणून खंडाळ्याजवळचा, दर्शनी बाजूच्या बामच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिशकालीन पूल एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत, रस्ता रिकामा असल्याची संधी साधून, सुरुंग लावून पाडण्यात आला. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून धावत्या मोटारींतील माणसे दगावली, त्यानंतर कड्यांना पोलादी जाळ्या बसल्या. वेगाची किंमतही पहिल्या वर्षांतच दिसली: १२ फेब्रुवारी २००१ रोजी भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या, आणि मराठी घरांत या मार्गाच्या नावाला तेव्हापासून एक धास्ती चिकटली.

कर्जत तालुक्यावरून द्रुतगती मार्ग जातच नाही, आणि त्या तालुक्याला त्याचे फार वाईट वाटल्याचे दिसत नाही. माथेरान याच तालुक्यात आहे, जेथे मोटारींना बंदी असून पाहुण्याला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पायी, घोड्यावरून किंवा छोट्या गाडीने पुढे जावे लागते. ‘दस्तुरी’ म्हणजे रिवाजाने द्यायची रक्कम. बोरघाटातही खोपोलीच्या वर दस्तुरी नावाची जागा आहे. नावांचा उगम काहीही असो, दोन्ही जागा प्रवाशाने थांबण्याच्या आहेत. अलीकडे शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्याला ५४८-अ हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक मिळाल्याने कर्जतही राष्ट्रीय जाळ्यात आले आहे, आणि मुंबई टाळून उत्तर-दक्षिण जाणारे अवजड ट्रक पूर्वी भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर दिसू लागले आहेत.

या साऱ्या जाळ्याची मोजपट्टी मात्र १९ जुलै २०२३ च्या रात्री हाती आली. चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर डोंगर कोसळला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना भर पावसात निसरड्या पायवाटेने तास-दीड तास चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि माती कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. नागपूर योजनेच्या पाच मैलांच्या कसोटीला इर्शाळवाडी सहज उतरते, कारण नकाशावर राष्ट्रीय महामार्ग तिच्यापासून त्याहून कितीतरी जवळ आहे. नागपूरला अभियंत्यांनी पट्टीने मोजलेले ते मैल होते. डोंगरावरचे मैल त्या योजनेत कधी धरलेच गेले नाहीत.

घाटाचा शेवटचा अध्याय २०१९ मध्ये काम सुरू झालेल्या ‘मिसिंग लिंक’ने, म्हणजे खोपोलीच्या फाट्यापासून मावळातील कुसगावपर्यंतच्या सुमारे १३.३ किलोमीटरच्या नव्या आखणीने, लिहायला घेतला. दोन बोगदे, त्यांपैकी एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा, आणि दरीवरून जाणारा केबलच्या आधाराचा उंच पूल यांच्या साह्याने हा मार्ग घाटाची वळणे पूर्णपणे टाळतो, अंतर सुमारे सहा किलोमीटरने आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी करतो. माल्कमच्या रस्त्याने चढ सौम्य करण्यासाठी अंतर वाढविले होते. ही आखणी डोंगराच्या पोटातून जाऊन अंतर आणि चढ दोन्ही कमी करते, आणि अभियांत्रिकी म्हणून तिचे मोल निर्विवाद आहे. तिच्या दोन टोकांमध्ये खालापूर तालुक्यातल्या माणसाला चढण्या-उतरण्याची जागा नाही. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी चालक अजून वेग कमी करून खिडकीतून नाणे टाकतात. द्रुतगती मार्गावर वाहन थांबविण्यास मनाई आहे.